नांदूरमधमेश्वर : सहलीआधीचा अभ्यास

(द्वितीय वर्ष बी. ए., भूगोल)

आपल्याकडे महाविद्यालयाची सहल म्हटली की त्र्यंबकेश्वर, वणी, शिर्डी आणि फार तर वेरूळ ही नावे पुढे येतात. निफाड तालुक्यातील नांदूरमधमेश्वरचे नाव कोणी घेतलेच तर दुसरा लगेच म्हणतो, "तिथे काय आहे? पाणी आणि बगळे!" हे उत्तर अगदीच खोटे नाही. 'अभयारण्य' हा शब्द ऐकून जो घनदाट झाडी आणि वाघ पाहण्याच्या तयारीने तेथे जाईल, त्याची निराशा ठरलेली. तेथे आहे एक जुना बंधारा, त्यामागे पसरलेले उथळ पाणी, गाळाची बेटे, काठाची बाभळी-करंजीची झाडे आणि त्यापलीकडे ऊस, गहू, कांदा व द्राक्षे. तरीही याच जागेला महाराष्ट्रातील पहिले 'रामसर' पाणथळ होण्याचा मान मिळाला. असे का व्हावे, हा प्रश्न मला पडला. भूगोलाच्या प्रकल्पाच्या निमित्ताने गेल्या हिवाळ्यात मी चार वेळा तेथे जाऊन आले. प्रस्तुत लेखात त्या अभ्यासातील काही मुद्दे, सहलीला जाणाऱ्यांना उपयोगी पडावेत अशा रीतीने, मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगणे योग्य होईल. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. घरची दोन एकर शेती कालव्याच्या पाण्यावर आहे. त्यामुळे या जागेकडे मी केवळ पाहुणी म्हणून पाहू शकत नाही. आमचा कांदा आणि तेथील बदके एकाच पाण्यावर जगतात.

बंधाऱ्यातून पाणथळ

गोदावरी नाशिक सोडून पूर्वेकडे निघाली की तिला आधी दारणा व पुढे कादवा मिळते. कादवेचा संगम नांदूरमधमेश्वरला होतो. आमच्याकडे जुनी माणसे गोदावरीला 'गंगा' म्हणतात आणि तिच्या काठाला 'थडी'; खानगाव थडी या गावाच्या नावात हा शब्द आजही आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी, इंग्रजी अमदानीत, या संगमाजवळ दगडी बंधारा बांधण्यात आला. हेतू पक्ष्यांचा नव्हता. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या अवर्षणग्रस्त मुलखात कालव्याने पाणी पोहोचवायचे होते. वर १९१६ साली दारणा धरण झाले, तेथून सोडलेले पाणी नदीतून या बंधाऱ्यापर्यंत यावे आणि येथून डाव्या-उजव्या कालव्यांत वळावे, अशी योजना होती. पुढे जलद कालवाही झाला व येथील पाणी वैजापूर आणि गंगापूर तालुक्यांपर्यंत जाऊ लागले.

बंधारा फार उंच नसल्याने पाणी खोलवर न साठता रुंद पसरले. पावसाळ्यात दोन्ही नद्या काळी माती घेऊन येतात. वाहते पाणी बंधाऱ्याशी मंदावते आणि मंदावलेले पाणी आपल्याजवळचा गाळ खाली टाकते. वर्षानुवर्षे असे होऊन पाण्यात उंचवटे तयार झाले, उंचवट्यांची बेटे झाली, बेटांवर लव्हाळी व पाणकणीस वाढले. पाण्याखाली शेवाळ व पाणवनस्पती माजल्या, त्यांत गोगलगायी, किडे व माशांची पिले वाढू लागली. अभियंत्याच्या हिशेबात गाळ म्हणजे तोटा, कारण जितका गाळ तितका पाणीसाठा कमी. पक्ष्यांच्या दृष्टीने मात्र तोच गाळ म्हणजे वाढलेले ताट.

हे ताट सर्वप्रथम पक्ष्यांनीच शोधले, नंतर पक्षीअभ्यासकांनी. डॉ. सलीम अली यांनी या ठिकाणाला 'महाराष्ट्राचे भरतपूर' म्हटल्याचे सांगितले जाते. १९८६ साली शासनाने येथे अभयारण्य घोषित केले. त्याचे क्षेत्र सुमारे १०० चौरस किलोमीटर असून त्याच्या हद्दीत गावे व शेतेही येतात. इराणमधील रामसर गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागांच्या रक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यात १९८२ साली सामील झाला. या कराराच्या यादीत नांदूरमधमेश्वरचा समावेश २०१९ साली झाला आणि जानेवारी २०२० मध्ये तो जाहीर झाला. रामसर क्षेत्र १४३७ हेक्टरांचे आहे. त्यानंतर लोणार आणि ठाण्याची खाडी यांनाही हा दर्जा मिळाला. रामसरच्या नोंदीत येथील सजीवांच्या ५३६ जाती दिल्या आहेत. त्यांत बिबट्या आहे, चंदनाचे झाड आहे, अत्यंत संकटग्रस्त झालेली गिधाडे आहेत आणि देवळालीच्या नावाने ओळखला जाणारा एक लहानसा मासाही आहे.

म्हणजे निसर्गाची ही संपत्ती मुळात माणसाच्या एका बांधकामातून, आणि तीही त्याच्या मनात नसताना, निर्माण झाली. हा मुद्दा लक्षात ठेवला पाहिजे, कारण पुढचे सारे प्रश्न येथूनच सुरू होतात.

पाण्याची खोली आणि चोचीची लांबी

पहिल्या खेपेस मनोऱ्यावरून पाहताना सगळे पक्षी मला एकाच गर्दीसारखे दिसले. बाजारात नवखा माणूस गेला की त्याला माणसेच माणसे दिसतात, कोण काय घ्यायला आला आहे ते कळत नाही, तसेच हे होते. दुसऱ्या खेपेस मी पक्ष्याचे नाव विचारण्याऐवजी तो किती पाण्यात उभा आहे, एवढेच वहीत लिहिले. त्याने बराच उलगडा झाला.

अगदी काठाच्या ओल्या चिखलात तुतारी व चिखले हे लहान पक्षी टोचत हिंडतात. घोटाभर पाण्यात लांब गुलाबी पायांचा शेकाट्या असतो. त्याहून थोड्या खोल पाण्यात चमचा हा पक्षी आपली चपटी चोच विळ्यासारखी डावी-उजवीकडे फिरवीत चालतो. चित्रबलाक अर्धी उघडी चोच पाण्यात बुडवून ठेवतो आणि मासा लागताच ती मिटतो. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नाही म्हणून स्पर्शावर त्याचा भरवसा. मुग्धबलाकाच्या चोचीत मधे फट असते व तो गोगलगायींवर जगतो. त्यापुढे बदके. तलवार बदक डोके खाली, शेपूट वर अशा स्थितीत तळाचे खाद्य काढते. अर्थात मान पोहोचेल इतकेच पाणी त्याला चालते. थापट्याच्या चोचीच्या कडेला कंगव्यासारखे दात असतात व त्यातून तो पाणी गाळून बारीक जीव खातो. बुडी मारणारे पाणकावळे सर्वांत खोल पाण्यात. वनस्पतींच्या तरंगत्या पानांवरून लांब बोटांचा कमळपक्षी चालतो. त्याच्यात अंडी उबविण्याचे काम नर करतो, हे वाचून आमच्या वर्गात बरीच चर्चा झाली!

यावरून एक साधा नियम हाती येतो. खोलीत वीतभर फरक पडला तरी जेवणारा बदलतो. येथे एवढ्या जाती एकत्र नांदतात, कारण चिखलापासून डोहापर्यंत सर्व खोल्या जवळजवळ आहेत. खोल व उभ्या काठाच्या जलाशयात पाणी पुष्कळ असूनही इतके पक्षी दिसत नाहीत, त्याचे एक कारण हेच.

आता या पाण्याची पातळी कोण ठरवितो? पाऊस ठरवितो, आणि पावसाळ्यानंतर आवर्तन ठरविते. आवर्तन केव्हा सुटणार, किती दिवस चालणार, याची वाट आमच्या घरी पाहिली जाते. ते लांबले की कांदा सुकतो. वरच्या धरणांतून पाणी येते, कालव्यांत जाते, आणि त्या हिशेबाने येथील पातळी चढते-उतरते. पातळी उतरली की गाळ उघडा पडतो व करकोचे गोळा होतात. चढली की त्यांचे ताट बुडते. कालव्याचे वेळापत्रक माणसाच्या पिकांसाठी आखले जाते, पण त्याचा परिणाम पक्ष्यांच्या भोजनावरही होतो. मागणी व पुरवठ्याचे नियम अर्थशास्त्रात शिकताना मला हे उदाहरण वारंवार आठवले. येथे एका ग्राहकाला मागणी नोंदविता येते, दुसऱ्याला येत नाही.

पाहुणे कोठून येतात

ऑक्टोबर ते मार्च हा येथील हंगाम. लडाख, तिबेट, मध्य आशिया व सैबेरियाकडील पाणी गोठू लागले की तेथील पक्षी दक्षिणेकडे निघतात. पट्टकादंब हा हंस तर हिमालय ओलांडून येतो. चक्रवाक आपल्याला संस्कृत काव्यातून माहीत असतो. रात्री जोडीची ताटातूट होते हा कवींचा संकेत. प्रत्यक्षात तो केशरी-तपकिरी रंगाचा, रुबाबदार, मोठ्या आवाजाचा बदक आहे आणि लडाखात वीण घालून हिवाळ्यात आपल्याकडे येतो. काळ्या शरीराच्या व कपाळावर पांढरा टिळा असलेल्या पक्ष्याला मराठीत 'वारकरी' म्हणतात. थव्याने राहणाऱ्या या पक्ष्याला इतके समर्पक नाव ज्याने दिले, त्याचे निरीक्षण निश्चितच सूक्ष्म असले पाहिजे. अशी नावे लोकांच्या तोंडून गोळा करून त्यांना ग्रंथात स्थान देण्याचे मोठे काम वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली यांनी केले. २०२५ साली त्यांचे निधन झाले. मराठीच्या विद्यार्थ्यांनी त्यांचा 'पक्षिकोश' भाषेचा ग्रंथ म्हणूनही चाळावा, अशी माझी विनंती आहे.

कायदा पाहुण्याला काय सांगतो

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ सालचा. त्यातील कलम २७ अन्वये अभयारण्यात कोणालाही वाटेल तसे शिरता येत नाही. कामावरील शासकीय सेवक, राहण्याची परवानगी असलेले लोक, आतील स्थावर मालमत्तेवर हक्क असलेले, सार्वजनिक रस्त्याने जाणारे व त्यांचे आश्रित यांना मुभा आहे. इतरांना परवाना लागतो. हा परवाना कोणत्या कारणांसाठी मिळतो, हे कलम २८ मध्ये दिले आहे. वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन आणि आत राहणाऱ्या माणसाशी कायदेशीर व्यवहार ही त्यांतील कारणे. तेव्हा प्रवेशद्वारावर आपण जे शुल्क भरतो, ते मनोऱ्यावर चढण्याचे भाडे नसून एका अटीवर मिळालेली मुभा आहे. त्या अटीत आग लावू नये, शस्त्र नेऊ नये, जीवांना अपायकारक पदार्थ टाकू नयेत हे ओघानेच आले.

कलम २९ अधिक विचार करण्यासारखे आहे. अभयारण्यात येणारे वा तेथून बाहेर जाणारे पाणी परवान्याशिवाय वळविणे, थांबविणे किंवा वाढविणे यास तेथे मनाई आहे. आणि हे अभयारण्य तर पाणी वळविण्यासाठी बांधलेल्या बंधाऱ्यावरच उभे आहे! कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा जंगलातील ओढे असावेत. आपल्या अभयारण्याची घडणच निराळी असल्यामुळे येथे वन विभाग व जलसंपदा विभाग यांना एकमेकांशी बोलूनच चालावे लागते.

थडीवरची माणसे

सहलीला गेलेल्या विद्यार्थ्याने दुर्बिणीतून जेवढे पाहावे, तेवढेच दुर्बीण खाली ठेवूनही पाहावे. थडीवर गुरे चारणारे, मासेमारीवर पोट असणारे, पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीत गाळपेर करणारे असे अनेक लोक आहेत. पाणकोंबड्या कोवळे पीक तुडवितात, अशी तक्रार मी तीन शेतकऱ्यांकडून ऐकली. उसात बिबट्या असतो, म्हणून रात्री पाणी धरायला जाताना लोक दोघे-तिघे मिळून जातात. दुसऱ्या बाजूने, थडीवरच्या गावांतील काही तरुण पक्षीमार्गदर्शक झाले आहेत. त्यांना शंभराहून अधिक पक्ष्यांची नावे मराठीत व इंग्रजीत येतात आणि पक्षी उडण्याच्या ढबीवरून ते जात ओळखतात. आमच्यासारख्या घरांतून आलेल्या मुलांना हे शिक्षण कोणत्या वर्गात मिळाले, याचा विचार प्राध्यापकांनीही करावा.

सर्वांत अवघड प्रश्न गाळाचा आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला महापूर आला. सायखेडा व चांदोरी ही गावे पाण्यात गेली. सायखेड्याला माझी मावशी राहते. तिच्या घरातील धान्याची पोती भिजली, भिंतीवरील पाण्याची रेघ पुढे वर्षभर पुसली गेली नाही. पुराच्या वेळी पाणवेलींचे ढीग वाहत येऊन पुलाला अडकतात आणि फुगवटा वाढतो. तेव्हा 'बंधाऱ्यातील गाळ काढा' ही मागणी थडीवरची माणसे करतात, ती सौंदर्यदृष्टी नसल्यामुळे नव्हे. गाळ निघाला तर साठा वाढेल, पाण्याला वाट मिळेल आणि तो गाळ शेतात टाकता येईल, असे त्यांचे म्हणणे आहे. पण वर सांगितलेला नियम आठवला तर हेही दिसते की सरसकट गाळ काढून सर्वत्र सारखी खोली केली, तर उथळ पाणी संपेल आणि त्याबरोबर बहुतेक पक्षीही जातील. "गाळ राहू द्या, बदकांना हवा आहे," असे मी मावशीला कोणत्या तोंडाने सांगू?

या प्रश्नावर मी बराच विचार केला. माझ्या अल्पमतीप्रमाणे दोन गोष्टी वेगळ्या करता येतील. नदीच्या मुख्य प्रवाहाची वाट मोकळी ठेवणे आणि काठाकडील उथळ पसारा जपणे, यांत मुळात वैर नाही. पुराचे पाणी मुख्यतः प्रवाहातून धावते. पक्षी जेवतात ते कडेला. तेव्हा कोठला गाळ काढावा व कोठला ठेवावा याचा नकाशा आधी तयार झाला, तर 'गाळ काढा' आणि 'गाळ काढू नका' या दोन्ही घोषणांच्या मधला मार्ग सापडू शकेल. हा नकाशा अभियंता, वनाधिकारी आणि थडीवरचा शेतकरी यांनी एकत्र बसून करावा. भूगोलाच्या प्राध्यापकांनी या विचारातील उणिवा अवश्य दाखवाव्यात.

पाणवेलींचे मात्र दुमत नको. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती जांभळ्या फुलांनी सुंदर दिसते, पण पाण्यावर तिची गोधडी पसरली की खाली उजेड पोहोचत नाही व पाण्यातील प्राणवायू घटतो. तिचे खत म्हणजे शहरांतून नदीत येणारे सांडपाणी आणि शेतातून वाहून येणारी रासायनिक खते. यांतील पहिल्याचा दोष शहराला देता येतो, दुसऱ्यात आम्ही शेतकरीही भागीदार आहोत.

पाहावे कसे

आता प्रत्यक्ष सहलीविषयी. नाशिकहून हे ठिकाण सुमारे ४० किलोमीटरवर असून चापडगाव येथे निरीक्षण मनोरे आहेत. पुढील गोष्टी पाळल्यास सहल सार्थकी लागेल असे वाटते.

१. सूर्योदयाच्या सुमारास पोहोचावे. उन्हे चढल्यावर पाण्यावरील चकाकीमुळे रंग दिसत नाहीत आणि बरेच पक्षी विसावतात. सूर्य पाठीशी राहील अशी जागा निवडावी.

२. भडक कपडे, उग्र अत्तर व गाण्याचे यंत्र घरी ठेवावे. मातकट वा हिरवट कपडे बरे.

३. पक्षी मान ताठ करून आपल्याकडे पाहू लागला की तेथेच थांबावे. हा त्याचा इशारा असतो. त्यापुढे आपण एक पाऊल टाकले की तो उडतो. वारकऱ्याला उडण्यासाठी पाण्यावरून बरेच अंतर धावावे लागते, त्यात त्याची पुष्कळ शक्ती खर्च होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये परतीच्या प्रवासासाठी पक्षी अंगात चरबी साठवीत असतात. छायाचित्रासाठी थवा उडविणे म्हणजे त्यांच्या वाटखर्चातील पैसे काढून घेण्यासारखे आहे.

४. पक्ष्यांना शेव, चिवडा, पाव काहीही टाकू नये. आपला डबा खाऊन झाल्यावर कागद व पिशव्या आपल्याबरोबर परत न्याव्यात.

५. स्थानिक मार्गदर्शक अवश्य घ्यावा. त्याचे मानधन घासाघीस न करता द्यावे आणि त्याच्याकडून पक्ष्याचे गावातील नाव विचारून लिहून घ्यावे.

६. शेताच्या बांधावरून जाताना मालकाला विचारावे. हरभऱ्याचे डहाळे उपटणे ही सहलीतील गंमत नाही. तो कोणाचा तरी माल आहे.

७. प्रत्येकाने वहीत तारीख, वेळ, पाण्याची स्थिती आणि निदान पाच पक्ष्यांच्या नोंदी कराव्यात. ओळख पटली नाही तर चोच, पाय, रंग व तो किती पाण्यात होता हे लिहावे.

समारोप

शेवटच्या मुद्द्यावरून एक सूचना करावीशी वाटते. वन विभागातर्फे येथे पक्षीगणना होते. आपल्या महाविद्यालयाच्या भूगोल मंडळाने ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांत महिन्यातून एकदा, ठरलेल्या मनोऱ्यावरून, ठरलेल्या वेळी पक्ष्यांची व पाण्याच्या पातळीची नोंद ठेवावी. त्याच दिवशी आवर्तन चालू होते की बंद, हेही लिहावे. खर्च फक्त बसभाड्याचा व एका जाड वहीचा आहे. पाच-सहा वर्षांनी त्या वहीतून पाणी, पीक आणि पक्षी यांचा संबंध आज दिसतो त्याहून स्पष्ट दिसेल, आणि गाळाच्या प्रश्नावर बोलताना थडीवरच्या माणसांपुढे ठेवायला आपल्याजवळ काही तरी असेल. पहिल्या नोंदीसाठी येत्या २ फेब्रुवारीचा, म्हणजे जागतिक पाणथळ दिनाचा, मुहूर्त चांगला आहे. ज्या विद्यार्थ्यांना यायचे असेल त्यांनी भूगोल विभागात नावे द्यावीत. सकाळी पाचला निघावे लागेल, एवढी मात्र तयारी हवी.